मॉडेल टी : बॅटरीवर ठणठणीत, मॅग्नेटोवर लंगडी

प्रश्न : आमची १९२४ची फोर्ड मॉडेल टी बॅटरीवर छान चालते. स्विच मॅग्नेटोवर (इंजिनातच चुंबकांनी वीज तयार करणारी यंत्रणा) टाकला की मिसिंग सुरू, म्हणजे मधूनच एखाद्या सिलिंडरचा बार चुकतो. मल्टिमीटरने प्लगना ठिणगी देणाऱ्या चारही कॉइल तपासल्या, रीडिंग सारखंच आहे. दोष कुठे?

उत्तर : मल्टिमीटरवरून तार तुटलेली नाही एवढंच कळतं, कॉइल किती करंटला ठिणगी टाकते ते कळत नाही, आणि इथे सगळं त्यावरच आहे. मॅग्नेटोचा करंट एसी. फ्लायव्हीलवरची १६ चुंबकं एका फेरीत विजेचे १६ ठोके देतात. एखाद्या कॉइलला करंट जास्त लागत असेल, तर तिची ठिणगी उशिरा पडते, कधी तो ठोका हुकून पुढच्यावर जाते. बॅटरीचा करंट सलग असल्याने हा फरक झाकला जातो. कानाने आवाज ऐकून बॅटरीवर ‘सेट’ केलेल्या कॉइल म्हणूनच दगा देतात.

आधी ट्रान्समिशनच्या झाकणावरचा मॅग्नेटोचा कॉन्टॅक्ट काढून पुसा. बँडच्या (गिअरचे ड्रम आवळणारे पट्टे) अस्तराचा भुसा तिथे साचतो. मग इंजिन मॅग्नेटोवर ठेवून सुक्या लाकडी पट्टीने एकेक व्हायब्रेटर (कॉइलवरची थरथरणारी पत्ती) दाबून धरा. ज्याला दाबून इंजिनला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. इंजिन बंद करून ती कॉइल शेजारच्या कॉइलशी बदला. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल खराब. जागेवरच राहिलं तर प्लग, वायर किंवा टायमर (कोणत्या कॉइलला कधी करंट द्यायचा ते ठरवणारा भाग) पाहा.

खराब कॉइलचे पॉइंट (व्हायब्रेटरबरोबर उघडमीट होणारे संपर्काचे ठिपके) सपाट घासा. व्हायब्रेटर दाबून धरल्यावर पॉइंटमध्ये ०.०३१ इंच (सुमारे ०.८ मिमी) अंतर हवं. पॉइंटवर भडक ठिणग्या उडत असतील तर कॉइलमधला कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) गेलाय. जुना कागदी असेल तर तो चांगला वाटला तरी बदलाच : ०.४७ मायक्रोफॅरड, किमान ४०० व्होल्टचा. शेवटची जुळणी मात्र हाताने फिरवायच्या कॉइल टेस्टरवरच : १.३ अँपिअर, आणि एका फेरीत सुट्या १६ ठिणग्या. जोडठिणगी दिसली तर जुळणी अजून बाकी आहे.

आणि बॅटरीची वायर मॅग्नेटोच्या टर्मिनलला चुकूनही लावू नका, चुंबकांची ताकद उतरते.

प्रश्न : नवी नीडल आणि सीट (पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक) टाकूनही मॉडेल टीचा कार्ब्युरेटर वाहतो. का?

उत्तर : फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा तुकडा) बुचाचा आहे का पाहा. त्यावर लाखेचा थर असतो. सुतार स्पिरिटमध्ये लाख विरघळवतात, तेच काम हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल करतं. थर गेला की बूच पेट्रोल पितं, जड होतं, नीडल पुरती बसत नाही. फ्लोट पितळी घाला.

हात लागलाच आहे तर खालचा ड्रेन उघडून पेट्रोल भांड्यात सोडा, इंजिन थंड असताना आणि मोकळ्या हवेत. धार एकसारखी हवी. आधी जोरात येऊन मग मंदावली तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. सुरुवातीपासूनच बारीक असेल तर टाकीखालची गाळाची वाटी साफ करा. या गाडीत पंप नाही, पेट्रोल सीटखालच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरतं. त्यामुळे टाकी तळाला गेलेली असताना गाडी चढावर बंद पडली, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी टाकीत काठी घालून पाहा.