झुडपांचा चारा: सुरुवात करताना

कुरणातील झुडपांच्या पोषणमूल्याकडे तुम्ही लक्ष देऊ लागलात, हे फार चांगले झाले. कोरड्या हंगामात वाळलेल्या गवतातील प्रथिने सुमारे ७ टक्क्यांच्या खाली उतरली, की कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांचीच उपासमार होते आणि जनावर पोटभर चरूनही खंगत जाते. त्या काळात हिरवी राहणारी झुडपे ही तूट बरीचशी भरून काढतात.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे केवळ प्रथिनांचा आकडा पाहणे. पाल्यात टॅनिन (तुरट चव देणारे द्रव्य) जास्त असेल, तर ते प्रथिनांना बांधून ठेवते आणि तपासणीच्या अहवालात दिसणारी प्रथिने जनावराच्या अंगी लागत नाहीत. दुसरी चूक नमुना घेताना होते. अख्खी फांदी छाटून तपासणीला पाठवू नका. अर्धा तास शेळीच्या मागे उभे राहा, ती कोवळा शेंडा ओठांनी ओढून तोडते आणि जून काडी तशीच सोडते, तेवढेच तुम्हीही खुडा.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

- उपाशी कळप अनोळखी झुडपांत एकदम सोडू नका.
- झुडपांतून ऊर्जा कमी मिळते, म्हणून वाळलेले गवत सोबत असू द्या.
- सुबाभळीत मिमोसीन हे विषारी द्रव्य असते. तिचा पाला एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवा.
- खारट पानांच्या झुडपांवर चरणाऱ्या मेंढ्यांना गोडे पाणी जवळच हवे.

गायींपेक्षा शेळ्या टॅनिन अधिक पचवतात, त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लावू नका. रासायनिक पृथक्करणाचे बारकावे पहिला हंगाम पार पडल्यावर पाहू.