स्पेक्ट्रम+ ला एसडी कार्ड आणि एलईडी टीव्ही जोडण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांकडून आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम+ (१९८० च्या दशकातला सिंक्लेअरचा घरगुती कॉम्प्युटर) चालू स्थितीत आहे असं सांगितलं गेलंय, पण मूळ अडॅप्टर हरवलाय. तुम्ही डिव्हएमएमसी बोर्ड (यंत्राच्या मागे लावून एसडी कार्डावरून खेळ चालवणारा) परदेशातून मागवलाय, तो ठाण्यात घरी पोचलाय. घरात एलईडी टीव्ही आहे. आता बोर्ड थेट मागे लावून सुरू करावं का?

नाही. बोर्ड आठवडाभर डब्यातच राहू दे. या यंत्रात सगळ्यात नाजूक गोष्ट आहे आतला वीजपुरवठा. तो तपासल्याशिवाय मागच्या कनेक्टरला काहीही लावलं, तर मेमरी जाण्याचा धोका खरा आहे. माझा क्रम ठरलेला आहे: आधी वीज, मग चित्र, मग कीबोर्ड, आणि शेवटी एसडी कार्ड.

अडॅप्टरपासून सुरुवात करा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, किमान १.४ अँपिअर लागतो आणि पिनच्या आत, मध्यभागी ऋण असतं. आपल्या बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे अडॅप्टर मध्यभागी धन असलेले असतात. सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडलेला असतो आणि त्याची पिन बरोबर बसतेही, म्हणूनच तो सगळ्यात धोकादायक. ९ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्या, वायर मध्येच कापून दोन टोकं अदलाबदल करून डाग द्या, हीट श्रिंक चढवा आणि मल्टिमीटरने खात्री करा: काळी प्रोब पिनच्या आत, लाल बाहेरच्या कड्यावर, तर वाचन अधिक ९ यायला हवं. मग अडॅप्टरवर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तो राउटरला लावणार नाही.

आता खोका उघडा. खालचे स्क्रू काढा, पण वरचा भाग झटक्याने उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या यंत्राच्या मुख्य बोर्डात खोचलेल्या असतात आणि चाळीस वर्षांनी त्या बिस्किटासारख्या तुटतात. झाकण थोडं तिरकं करून पट्ट्या सरळ वर ओढून काढा.

या मुख्य बोर्डावर आयसी ६ ते १३ ही आठ ४११६ चिप्सची रांग म्हणजे खालची १६ केबी मेमरी. तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. कोणत्याही एका चिपवर, १६ क्रमांकाच्या पिनला जमीन (ग्राउंड) धरून मोजा: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५. त्याआधी, वीज बंद असतानाच, पिन १ आणि पिन ८ यांचा जमिनीशी रोध मोजा. जवळपास शून्य आला तर एखादी चिप शॉर्ट आहे. वीज देऊच नका. रोध ठीक असेल तर वीज द्या, तिन्ही वाचनं घ्या आणि लगेच बंद करा. उणे ५ च्या जागी शून्य आणि १२ च्या जागी ८ किंवा ९ आले, तर टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेलाय. याचा अर्थ समजून घेणं महत्त्वाचं आहे. ९ व्होल्टपासून १२ आणि उणे ५ बनवणारं छोटं सर्किट टीआर४ च्या जोरावर चालतं. ते थांबलं की अडॅप्टरचा करंट कॉइलमधून सरळ १२ च्या रेषेवर पोचतो, पण उणे ५ नाहीसं होतं. ४११६ ला उणे ५ शिवाय वीज मिळाली की चिप तापते आणि काही वेळात मरते. गेलेली चिप पुन्हा १२ च्या रेषेवर ताण टाकते आणि नवा टीआर४ ही नेते. म्हणून नुसता ट्रान्झिस्टर बदलून थांबू नका. मूळ ट्रान्झिस्टर झेडटीएक्स६५० आहे, झेडटीएक्स६५१ चालतो. दुकानदाराने 'सेम टू सेम' म्हणून दुसरा काही दिला तर पिनांचा क्रम डेटाशीटमध्ये पाहा, तो हमखास वेगळा असतो.

तिन्ही वाचनं बरोबर आली, टीव्ही तात्पुरता जोडून सुरुवातीची कॉपीराइटची ओळ दिसली, तर बेसिकमध्ये हे टाइप करा:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

(प्रिंट आणि पीक हे शब्द स्पेक्ट्रमच्या पद्धतीप्रमाणे एकेका की-वरून येतात.) उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ केबी शाबूत आहे. ३२७६७ आलं तर वरच्या ३२ केबीमध्ये दोष आहे. ४८ केबीचे खेळ चालणार नाहीत, पण यंत्र सुरू राहील.

पुढे ७८०५ रेग्युलेटर. ९ व्होल्टचे ५ करताना तो उरलेली सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतो. यंत्र ०.७ अँपिअर घेत असेल तर (९ − ५) × ०.७, म्हणजे २.८ वॅट. त्याच जागी १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर ४.९ वॅट. ठाण्याच्या मे महिन्यात, बंद खोलीत हे तापमान यूएलए (चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी मुख्य चिप) आणि कपॅसिटर दोघांनाही जड जातं. आधुनिक भागांपैकी सगळ्यात जास्त फायदा मला इथेच दिसतो: ७८०५ च्या तीन पिनांच्याच जागी बसणारा स्विचिंग रेग्युलेटर. ट्रॅको टीएसआर १-२४५० किंवा रेकॉम आर-७८ई५.०-१.० हे दोन्ही १ अँपिअरचे आहेत. डिव्हएमएमसीसकट जास्त कार्डं लावणार असाल तर १.५ किंवा २ अँपिअरचा घ्या. हीट सिंक लागत नाही. जुना ७८०५ आणि हीट सिंक पिशवीत घालून जपून ठेवा. एक तोटा सांगायला हवा: स्वस्त, बिननावाचे रेग्युलेटर चित्रावर बारीक तिरक्या लाटा आणतात. नावाजलेला घ्या.

याच वेळी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. मूळ आडव्या प्रकारचे आहेत, ते आता सहज मिळत नाहीत. उभे वापरले तरी चालतं, एका पायावर स्लीव्ह चढवा. बोर्डाच्या काही आवृत्त्यांत अधिक चिन्ह चुकीच्या बाजूला छापलेलं आहे. छपाईवर विसंबू नका. काहीही काढण्याआधी प्रत्येक कपॅसिटरचा जवळून फोटो घ्या.

४११६ गेलेल्या असतील तर जुन्याच मिळवण्याचा हट्ट नको. ४१६४ चिप्स बसवता येतात, कारण पिनांची मांडणी जवळपास सारखी आहे. ४१६४ ला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते पिन ८ वर. म्हणजे मेमरीकडे जाणारी १२ ची रेषा तोडून तिथे ५ द्यायचे. उणे ५ ची रेषाही तोडून टाका. पिन ९ वर आधीच असलेले ५ राहू द्या. ४१६४ मध्ये ती अ‍ॅड्रेस पिन आहे आणि स्थिर पातळीवर ठेवली की एवढंच पुरतं. मात्र १२ व्होल्ट पूर्ण बंद करू नका. रंग तयार करणाऱ्या एलएम१८८९ चिपला ते लागतात. बंद केलेत तर रंग जातो. आठही चिप्स काढाव्या लागल्या तर १६ पिनचे आयसी बेस लावा. डाग काढताना जुन्या बोर्डाच्या तांब्याच्या रेषा उचलल्या जातात, म्हणून चिपचे पाय आधी कापून एकेक पाय काढणं सुरक्षित. चिप गेलीच आहे, ती वाचवून उपयोग नाही; बोर्ड वाचवा.

चित्राचं काम त्यामानाने सोपं. स्पेक्ट्रमचा मॉड्युलेटर (टीव्हीच्या अँटेना सॉकेटसाठी सिग्नल बनवणारी डबी) यूएचएफ ३६ व्या चॅनलवर सिग्नल देतो, तो आता कुणाला नको. मॉड्युलेटरकडे बोर्डावरून दोन वायर जातात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. दोन्ही सोडवा, ५ व्होल्टच्या टोकाला टेप लावा, डबीच्या आत आरसीए सॉकेटच्या मधल्या पिनला जोडलेला रेझिस्टर सोडवा आणि व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्या पिनला जोडा, अधिक बाजू बोर्डाकडे. सिग्नल पाल पद्धतीचा आहे, आपल्या टीव्हींना तो कळतो. नव्या टीव्हीत पिवळं सॉकेट नसेल तर ३.५ मिमीचं एव्ही छिद्र असतं, पण त्यातला पिनांचा क्रम कंपनीनुसार बदलतो. केबल त्याच टीव्हीची हवी.

एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर घ्यायचा असेल तर एक अडचण लक्षात ठेवा. स्पेक्ट्रम सेकंदाला ५०.०८ चित्रं देतो, प्रत्येकात ३१२ रेषा, इंटरलेसिंग (एकाआड एक रेषा दोन फेऱ्यांत दाखवणं) नाही. स्वस्त कन्व्हर्टर हा सिग्नल इंटरलेस्ड समजतो आणि हलणाऱ्या आकृत्यांच्या कडा दातेरी होतात किंवा चित्र मधूनच काळं होतं. दोष यंत्राचा नसतो. परत करण्याची सोय असलेल्या दुकानातूनच घ्या.

कीबोर्ड चालत नसेल तर नवा मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ पडदा) मिळतो, पण रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमचा आणि स्पेक्ट्रम+ चा मेम्ब्रेन वेगळा आहे. ऑर्डर देताना हे तपासा.

आता डिव्हएमएमसी. स्पेक्ट्रमच्या मागचे तांब्याचे पट्टे ९९ टक्क्यांच्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) आणि कापडाने पुसा. खाडीची दमट हवा आणि पावसाळा यामुळे ते काळवंडलेले असतातच, आणि खराब संपर्क म्हणजे मधूनमधून हँग होणं. वीज चालू असताना बोर्ड लावू नका आणि काढू नका. हा एकच नियम मोडल्यामुळे टीआर४, झेड८० प्रोसेसर आणि यूएलए जातात. वाकडं बसलं तर शेजारच्या रेषा एकमेकींना टेकतात. पट्ट्यांमधल्या खाचेत बसणारी छोटी खिट्टी डिव्हएमएमसीच्या कनेक्टरात आहे ना, ते पाहा.

३२ जीबीपर्यंतचं कार्ड घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट असतात, ती ओळखली जात नाहीत. ईएसएक्सडॉसचे (डिव्हएमएमसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) बिन आणि सिस हे फोल्डर कार्डाच्या मुळाशी कॉपी करा. बोर्डातल्या रॉमची आवृत्ती आणि या फोल्डरांची आवृत्ती एकच हवी. वेगळी असेल तर सुरुवातीलाच त्रुटी येते आणि लोकांना वाटतं की बोर्ड खराब आहे. मग डिव्हएमएमसीवरचं एनएमआय बटण दाबा, फाइलची यादी दिसेल. झेड८० आणि एसएनए फाइली (मेमरीचे स्नॅपशॉट, म्हणजे चालू खेळाची जशीच्या तशी नोंद) लगेच चालतात, टॅप फाइलीही (कॅसेटची नक्कल). कॅसेटच्याच दुसऱ्या प्रकारच्या, टीझेडएक्स फाइली चालत नाहीत. त्यांचं टॅपमध्ये रूपांतर करावं लागतं, आणि टर्बो लोडर (वेगळ्या, जलद पद्धतीने लोड होणारे प्रोग्राम) असलेल्या कॅसेटींचं ते नीट होत नाही. अशांसाठी झेड८० स्नॅपशॉट शोधा.

भागांसाठी लॅमिंग्टन रोड पुरेसा आहे: ठाण्याहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. आयसी बेस, आरसीए, आयपीए, कपॅसिटर, अडॅप्टर एका फेरीत मिळतात. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. झेडटीएक्स६५० आणि ट्रॅकोचा रेग्युलेटर मात्र ऑनलाइनच मागवा.

मामांच्या कॅसेटी असतील तर त्या फेकू नका, त्यांत कदाचित त्यांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम असतील आणि ते कुठल्याही संग्रहात मिळणार नाहीत. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, हेडला लागून ती पुढच्या कॅसेटीतही जाते. स्वच्छ असतील त्या कॉम्प्युटरवर ४४,१०० हर्ट्‌झ, मोनो, वेव्ह स्वरूपात रेकॉर्ड करा. एमपी३ करू नका, त्यात पल्सच्या कडा बोथट होतात आणि टॅप बनवताना चुका येतात. आवाज मंद आणि घुसमटलेला येत असेल तर प्लेअरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून सगळ्यात तीक्ष्ण आवाजावर थांबा, आणि मग पूर्ण बाजू एकदम रेकॉर्ड करा.