नजरेआडचं काम मोजायचं कसं?

प्रश्न : माझी टीम वेगवेगळ्या शहरांतून काम करते. कोण खरंच काम करतंय हे कळावं म्हणून वरिष्ठांनी स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर सुचवलंय. घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. माउस हलला की नाही एवढंच ते सांगेल, आणि माणसं माउस हलवत बसतील. त्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीला प्रत्येकाशी बोलून शुक्रवारपर्यंत काय पूर्ण हवं, ते लिहून ठेवा. मी अशा विखुरलेल्या टीम सांभाळल्या आहेत. तिथे निम्मे गोंधळ निर्णय कुठेच लिहिलेला नसल्यामुळे व्हायचे. कॉलवर ठरलेलं त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल अशा जागी नोंदवा, कारणासकट. हे काम मॅनेजरचंच.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातले चार दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली. पण तेवढ्याच कामगिरीला बढती मात्र ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा कमी मिळाली! हा अन्याय कोणी मुद्दाम करत नाही, म्हणूनच तो लवकर लक्षात येत नाही. तुमच्या टीममध्ये कोणी रोज साहेबांसमोर बसत असेल, तर बढतीच्या चर्चेआधी सगळ्यांच्या कामाच्या नोंदी समोर ठेवा. वरिष्ठांनाही सॉफ्टवेअरऐवजी त्याच दाखवा.