धनुष्यबाणाच्या हंगामात क्रॉसबो चालू दिल्यामुळे हरणांच्या शिकारीवर नेमका काय परिणाम झाला?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच मॅडिसनला आलात, ऑफिसातले दोन सहकारी क्रॉसबोवरून (म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असलेल्या आडव्या धनुष्यावरून) रोज हमरीतुमरीवर येतात आणि त्यात एवढं पेटण्यासारखं काय आहे ते तुम्हाला कळत नाही. मी इथं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बरीच वर्षं आहे. स्वतः कंपाउंड धनुष्यानं, म्हणजे कप्प्या लावलेल्या पण हातानंच ओढायच्या धनुष्यानं, शिकार करतो, माझा शेजारी क्रॉसबोनं करतो. हा वाद आमच्या कुंपणावरूनच चालतो म्हणा ना.

आधी हंगामाचं गणित समजून घ्या, कारण भांडणाचं मूळ तिथंच आहे. इथं धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र फक्त 9 दिवसांचा, नोव्हेंबरच्या शेवटी येणाऱ्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यातला. हरणं माजावर येतात ती साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. एरवी रात्रीशिवाय न दिसणारा मोठ्या शिंगांचा नर तेव्हा भर दुपारी माद्यांच्या मागे धावत असतो. म्हणजे वर्षातले सगळ्यात चांगले दिवस धनुष्यवाल्यांच्या वाट्याला येतात. ते त्यांना मिळाले कारण धनुष्य अवघड आहे. ज्याला जास्त कष्ट, त्याला जास्त दिवस, असा तो न्याय होता.

किती अवघड? मचाणावर तीन तास बसल्यावर बोटं बधिर झालेली असतात. अंगावर चार थर कपडे. 20 यार्डांवर मादी आली, मागोमाग नर. आता 60 पौंडांचं धनुष्य ओढायचं, तेही त्याचं डोकं झाडाआड जाईल त्याच क्षणी. एकदा मी ओढायला लागलो आणि जॅकेटची बाही दोरीला घासली. मादीनं कान टवकारले, पाय आपटला आणि दोन उड्यांत दोघं दिसेनाशी झाली. असे प्रसंग प्रत्येक धनुष्यवाल्याकडे पाच-दहा तरी असतातच.

क्रॉसबोला हा क्षणच नसतो. मचाणावर चढण्यापूर्वी पुढच्या रिकिबीत पाय रोवून दोरी मागे ओढून अडकवून ठेवायची, मग वर दस्ता खांद्याला, डोळा दुर्बिणीला, बोट चापावर. धनुष्यावर हात बसायला महिनोन् महिने लागतात, क्रॉसबोनं एका दुपारीत बाण नीट बसायला लागतात. मात्र तो बंदुकीसारखा दूरवर मारतो हा समज चुकीचा आहे. बाण वेगानं सुटतो, पण झपाट्यानं खालीही येतो, म्हणून जबाबदार शिकारी 40-50 यार्डांपलीकडे सोडत नाही. आणि पहिला चुकला की दुसरा लावेपर्यंत सावज थांबत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये 2014 पर्यंत क्रॉसबो 65 वर्षांवरच्यांना आणि अपंगत्वाचा परवाना असलेल्यांनाच चालायचा. त्या वर्षापासून सगळ्यांना मुभा मिळाली आणि काही वर्षांतच क्रॉसबोनं मारलेल्या हरणांचा आकडा साध्या धनुष्याच्या पुढे गेला. पेनसिल्व्हेनियानं 2009 मध्ये दार उघडलं, तिथंही आज धनुष्य हंगामातली निम्म्याहून जास्त हरणं क्रॉसबोची असतात. ओहायोत तर तो कित्येक दशकं आहे आणि तिथली हरणं काही संपलेली नाहीत. उलट टोक म्हणजे ओरेगन, तिथं शिकारीला क्रॉसबो चालतच नाही.

हरणं का संपत नाहीत? कारण कळपाची संख्या माद्यांवर ठरते, आणि कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किती माद्या मारायच्या हे परवानगीच्या चिठ्ठ्यांनी ठरतं. तुम्ही धनुष्य आणि क्रॉसबो दोन्हींची लायसन्स घेतलीत तरी धनुष्याच्या हंगामात नर एकच मिळतो. मग बदललं काय, तर तो नर कधी आणि कुणाच्या हातून पडतो ते. जो पूर्वी बंदुकीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी बंदुकीला सापडला असता, तो आता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच क्रॉसबोला सापडतो. उत्तरेच्या जंगलात आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या एकाच लाकडी खोलीत मुक्काम करून बंदुकीचा हंगाम पाळतात. त्यांना सलग दोन-तीन वर्षं एकही नर दिसला नाही की त्यांचा राग क्रॉसबोवर निघतो. तो राग मला कळतो. पण उत्तरेत कडक हिवाळा आणि लांडगे यांचाही वाटा असतो, सगळं खापर एका हत्यारावर फोडणं बरोबर नाही. दक्षिणेकडे, तुमच्या मॅडिसनच्या आसपास, परिस्थिती अगदी उलटी आहे. तिथं हरणं गरजेपेक्षा जास्त आहेत, आणि 2002 मध्ये सापडलेला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा जीवघेणा रोग पसरतोय. तिथं जास्त हरणं मारली जाणं हिताचंच आहे.

क्रॉसबोनं जखमी हरणं जास्त निसटतात, असंही तुम्ही ऐकाल. मेरीलँडमध्ये इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर बरीच वर्षं याची नोंद ठेवली गेली. बाण लागलेल्या शंभरातली साधारण 18 हरणं हाती लागली नाहीत, आणि कंपाउंड की क्रॉसबो यानं त्यात फरक पडला नाही.

आता माझा शेजारी. वय 61, खांद्याचं ऑपरेशन झालेलं. जुन्या नियमात त्याला चार वर्षं थांबावं लागलं असतं, नाहीतर डॉक्टरकडून अपंगत्वाचा कागद आणावा लागला असता, आणि तो कागद त्याला कधीच आणायचा नव्हता. आज तो ऑक्टोबरमध्ये पहाटे पाचला मचाणावर असतो. त्याच्या लायसन्सचे पैसे वन्यजीव खात्याला जातात आणि सामानावरचा केंद्रीय करही संवर्धनालाच मिळतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मर्यादा घालायचीच तर किती नर मारायचे यावर घाला, कशानं मारायचे यावर नको. एक खंत मात्र मनात आहे. पंचविशीतली धडधाकट मुलं थेट क्रॉसबोच विकत घेतात, आणि दोरी ओढून धरून श्वास रोखणं म्हणजे काय ते त्यांना कधी कळतच नाही.

भारतात 1972च्या कायद्यानं शिकार बंद झाल्यामुळे घरच्यांना हे सगळं सांगणं अवघड जातं, तुम्हालाही जाईल. समजून घ्यायचं असेल तर एप्रिलमध्ये शिकारीच्या नियमांवर काउंटीत होणाऱ्या जाहीर सुनावणीला जा, तिथं दोन्ही बाजू एका खोलीत ऐकायला मिळतात. आणि सहकाऱ्यानं क्रॉसबो हातात दिलाच, तर पुढच्या हाताचा अंगठा दोरीच्या वाटेच्या खाली आहे ना हे आधी पाहा. त्या दोरीनं अंगठ्याचं टोक उडालेला एक माणूस मी ओळखतो.