फिशिंग रॉड स्वतः बांधताना ब्लँक (रॉडची नुसती, कोरी काठी) ठेवायला स्टँड विकत घ्यावेत की घरीच करावेत?

घरीच करा. वाचलेले पैसे एपॉक्सी (दोऱ्याच्या गुंडाळीवर लावायचा, सुकून कडक होणारा लेप) सुकवताना रॉड फिरवणाऱ्या मोटरवर घाला.

स्टँडने ब्लँकला ओरखडा न पाडता आडवा धरायचा आणि हाताने फिरू द्यायचा, बस. पहिलाच रॉड असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर व्ही आकाराच्या खाचा पाडल्या तरी भागतं. गाइड (मासेमारीची दोरी ज्यातून जाते त्या कड्या) ब्लँकवर बांधायचा दोरा जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घेतला की ताणही मिळतो. (दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.)

पुढेही रॉड बांधणार असाल तर 18 मिमी प्लायवूडचे तीन स्टँड करा, वर 90 अंशांची खाच कापा आणि आत फेल्ट (जाड, मऊ नमदा) चिकटवा. फेल्टला जरा पकड असते, त्यामुळे दोऱ्याच्या ताणाने रॉड सहजासहजी उलटा फिरत नाही. रोलरवर (फिरत्या चाकांच्या आधारावर) तो चटकन फिरतो आणि गुंडाळी सैल पडते. म्हणून हाताने गुंडाळायला मला व्हीच बरा वाटतो; रोलर मोटरसाठी ठेवा.

खरी मेख उंचीत आहे. अशा खाचेत ब्लँकचा मध्य खाचेच्या तळापासून त्रिज्येच्या साधारण 1.4 पट वर बसतो. बुडाशी ब्लँक 14 मिमी जाड असेल तर मध्य जवळपास 10 मिमी वर. टोकाशी 2 मिमी असेल तर जेमतेम दीड मिमी. म्हणजे सारख्या उंचीचे स्टँड लावले की टोक साडेआठ मिमी खाली. गुंडाळताना याने काही बिघडत नाही, पण बूड मोटरच्या चकमध्ये (पकडीत) घट्ट धरलं की ब्लँक दर फेऱ्याला वाकत राहतो. तेव्हा टोकाकडचा स्टँड दोन तुकड्यांत करा, एकात उभी लांबट फट पाडा आणि विंग नटने उंची जुळवा. सगळ्यात मोठा गाइड फिरताना खालच्या फळीला आपटणार नाही एवढी उंची तर हवीच.

स्टँड फळीला कायमचे ठोकू नका. ज्या गाइडवर काम चालू आहे त्याच्या दोन्ही बाजूंना ते सरकवता आले पाहिजेत. सुकवताना आधार दोन गाइडांमधल्या कोऱ्या ब्लँकखाली द्या, ओल्या एपॉक्सीखाली कधीच नाही. फेल्टवर एपॉक्सी सांडून तो कडक झाला की लगेच बदला, नाहीतर ब्लँकवर ओरखडे उठतील.