ओटी टेस्ट कळशीपाशी कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

शिरोळ तालुक्यातल्या पूरग्रस्तांच्या छावणीवर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा सांगली-कोल्हापुरातली लाखो माणसं घरंदारं सोडून शाळांत नि मंगल कार्यालयांत राहिली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. तिथे काय सांभाळायचं ते विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

टँकर आला म्हणजे लोकांना चांगलं पाणी मिळालं, असं धरून चालू नकोस. टँकर भरताना टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेली असते, वहीत सहीसुद्धा असते. पुढे ते पाणी बादलीत जातं, बादलीतून पिंपात, आणि पिंपात प्रत्येक जण तांब्या बुचकळतो. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे ओटीचं द्रावण टाकून पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, टँकरच्या तोटीपाशी करून थांबू नकोस. वर्गात कोपऱ्यात एखादी आजी उशाशी कळशी ठेवून बसलेली असेल, तिच्या कळशीतलं पाणी नळीत घे. पिवळा रंग आला तर ठीक. रंगच आला नाही, तर तिथून पिंप, बादली, टाकी असं मागे मागे जात क्लोरीन कुठे संपलं ते शोध. आणि पिंपाला तोटी बसवून घे. छावणीतला तेवढा एक खर्च मी भांडून मंजूर करून घेईन.

टीसीएलचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की पावडरीचा जोर जातो. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली वापरायची नाही. हजार लिटरला 5 ग्रॅम हा ग्रामपंचायतीचा नेहमीचा हिशेब, पण पुराचं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. तिथे मापापेक्षा टेस्टवर विश्वास ठेव. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तासच कुणी देत नाही. कडेवर लेकरू घेऊन बायका रांगेत उभ्या असताना त्यांना थांबवणं कठीण आणि खरं तर अन्यायाचंही. टाकी पहाटेच, रांग लागायच्या आधी तयार असली पाहिजे.

शौचालयांचं प्रमाण जगभरच्या मदतकार्यात 20 माणसांमागे एक असं धरतात, अगदी सुरुवातीच्या दिवसांत 50 मागे एक. आकडा जुळला तरी कडी आहे का, दिवा आहे का, आत पाणी आहे का, ते स्वतः बघ. रात्री अंधारात जावं लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करतात. हे त्या सरपंचांसमोर बोलणार नाहीत. आशाताईंना सोबत घेऊन भांडी घासायच्या जागी बस, तिथे सगळं कळेल. पॅड टाकायला झाकणाची बादली हवी, तेही तिथेच कळेल.

जुलाब सुरू झाले तर सलाइनची वाट बघत बसू नका. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी (कॉलरा) पसरली, तेव्हा पश्चिम बंगालातल्या बनगावला सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांची पाकिटं बनवून घेतली आणि ते पाणी रोग्यांना नातेवाइकांच्याच हातून पाजलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्याही खाली आलं. त्या गर्दीत हे काम आया-बहिणींनी केलं, हे मला फार मोठं वाटतं. तुझ्या छावणीतल्या प्रत्येक आईला ओआरएस करून दाखव: एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर शुद्ध पाण्यात, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं. पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट ओतणारे पुष्कळ भेटतील.

घरं धुवायला लोक चिखलात उतरतील, पायाला जखमा असतील. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप अशा चिखल-पाण्यातून जखमेवाटे होतो, त्याच्या गोळ्यांबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेव.

जुलाबाच्या रुग्णांची नोंद नावासोबत खोलीप्रमाणेही ठेव. एकाच खोलीत दोन दिसले, की औषध देऊन झाल्यावर त्या खोलीचं पिंप लगेच बघायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. ओटीच्या बाटलीची मुदत निघण्याआधीच तपासून घे. जुनी असेल तर नवी मागव.

तुझा,
काका