नव्या मत्स्यटाकीत पाणी भरल्यावर दोनच दिवसांत मासे सोडले तर चालतील का?

नाही, सांगलीतील नळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले, तरी इतकी घाई माशांच्या जिवावर बेतते. माशांच्या विसर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे आधी तितक्याच घातक नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर स्थिरावायला साधारणपणे 4 ते 6 आठवडे लागतात. क्लोरीन या जिवाणूंनाही मारते, म्हणून पाण्यात प्रथम क्लोरीननाशक घालावे. नंतर फिल्टर अखंड चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. थंडीत ही वाढ मंदावते, त्यामुळे पाणी 25 ते 28 अंशांवर ठेवणे चांगले.

ओळखीच्या कुणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असल्यास तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा ओला ठेवून जरूर आणावा. माझ्या मते यासारखा दुसरा उपाय नाही.

चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट सलग काही दिवस शून्य आणि नायट्रेट वाढलेले दिसले, की आधी दोन-तीनच मासे सोडावेत.